रस्त्याला न लागलेले टायर

चौथ्या टायरवरचा काळा कागद सोडवताना बाबांचे हात थरथरत होते, पण कागद कुठे फाटला नाही. उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाचे हात होते ते. गाठ कापणं त्यांना ऐंशीव्या वर्षीही मान्य नव्हतं. गाठ सोडवायची असते.

"बघ," ते काकांना म्हणाले. "एकदाही रस्त्याला लागलेला नाही. चारही नवेकोरे. आहे कुणाकडे असा संच?"

"नाही, अण्णा. कुणाकडेच नसेल," काका म्हणाले आणि हातातला चहाचा कप एक घोटही न घेता बाजूला ठेवला.

काका म्हणजे बाबांचे पाठचे भाऊ. चाळीस वर्षं टायरच्या धंद्यात मुरलेले. त्यांच्याच वर्कशॉपमध्ये ही सगळी जमवाजमव चालली होती. शनिवारची सकाळ, गिऱ्हाइकांची कटकट नको म्हणून शटर अर्ध्यावर ओढलेलं, आणि मधोमध चार ठोकळ्यांवर नाकतोडा. दोन माणसांची, बिनछपराची, हिरवी स्पोर्ट्‌स गाडी. लांबुळकं नाक, आखूड पाठ आणि उडी मारायच्या बेतात असल्यासारखा पवित्रा, म्हणून आईनं तिला ते नाव ठेवलं होतं. आई जाऊन आठ वर्षं झाली, नाव मात्र घरात टिकलं.

कपाचा तो आवाज ऐकला आणि धाकटीनं मान वर केली. ती बाबांची लेक, दादाच्या पाठची. वय सत्तेचाळीस, तरी नाव धाकटीच. मुद्रितं तपासणं हा तिचा धंदा, आणि काळजी करणं हा जोडधंदा, असं दादा म्हणायचा. शब्दकोशांतली आणि वेळापत्रकांतली बारीक टाइपातली चूक तिला लांबून दिसे, आणि माणसांच्या बोलण्यातला गाळलेला शब्दही. काकांनी आत्ता काहीतरी गाळलं होतं.

"आजोबा, मग आज बसवायचे ना?" भिंगरीनं विचारलं. दादाची ही एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. रुग्णवाहिका चालवायची. भरल्या रस्त्यातून, मागे माणूस मरणाच्या दारात असताना गाडी हाकायची तिला सवय होती, म्हणून तिला कशाचं काही वाटत नसे. पुढच्या रविवारी डोंगररस्त्यावर जुन्या गाड्यांची चढाई होती. एकेक गाडी सोडायची, माथ्यावर वेळ मोजायची. पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी याच गाडीतून ती जिंकली होती. या खेपेला गाडी भिंगरी चालवणार आणि बाबा शेजारी बसणार, असं आजोबा-नातीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"आज म्हणजे आत्ता," बाबा म्हणाले. "हल्लीचे रेडियल नको, रुंद नको, काही नको. गाडीच्या जन्माच्या वेळी जे टायर होते तेच. नक्षीसुद्धा तीच."

"माझा मित्र म्हणत होता, रुंद बसवा. पकड दुप्पट मिळेल."

"तुझ्या मित्राला म्हणावं, म्हाताऱ्या माणसाला पैलवानाचे जोडे घातले तर गुडघे जातात," काका म्हणाले. "या चाकांना तारा आहेत तारा, सायकलसारख्या. रुंद टायरच्या पकडीचा ताण त्यांच्यावर येईल. शिवाय वळणावर पत्र्याला घासतील ते वेगळंच."

"ऐकलंस? तुझा काका-आजोबा माझ्याच बाजूचा आहे," बाबा खुशीत म्हणाले.

काका हसले नाहीत. "भिंगरे, अण्णांना त्या कपाटातली तारा कसायची किल्ली दाखव बरं. जुनी आहे, त्यांना आवडेल." आणि ती दोघं पलीकडे वळताच त्यांनी एक टायर उचलून भिंतीकडे नेला. खिडकीच्या उजेडात त्याची नक्षी दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली. धाकटी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काय पाहताय काका?"

"काही नाही. सवय."

टायरच्या बाजूवर अक्षरांची रांग होती. अक्षर दिसलं की वाचायचं, हा धाकटीचा रोगच. रांगेच्या शेवटी, एका लांबट चौकटीत, तीन आकडे होते. "दोनशे एकोणपन्नास. हे काय असतं?"

काकांनी तळहात त्या आकड्यांवर ठेवला. एखाद्यानं अंगावरचा डाग झाकावा तसा.

"काका."

"कारखान्यातली तारीख असते," ते हळूच म्हणाले. "पहिले दोन म्हणजे आठवडा. शेवटचा म्हणजे साल. चोविसावा आठवडा, नऊ साल."

"कुठलं नऊ?"

"आता चार आकडे छापतात. तीन म्हणजे गेल्या शतकातले. शतकाच्या अगदी शेवटच्या दहा वर्षांतला असता तर या कंपनीनं पुढे बारका त्रिकोण छापला असता. त्रिकोण नाही."

धाकटीनं मनात हिशेब केला. तेहतीस. फार तर तेहतीस नाही, कमीत कमी तेहतीस. तेहतीस वर्षांचं रबर घालून भिंगरी डोंगर चढणार होती, बाबांना शेजारी घेऊन. पण पुढचा विचार यायचाच होता, आणि तो आला.

बाबांनी हे टायर बावीस वर्षांपूर्वी आणले होते. एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथून ही नक्षी पुन्हा मिळणार नाही म्हणून आठ उचलले होते. चार कागदात गुंडाळून माळ्यावर गेले. चार गाडीला लागले. आणि ते लागल्यावर तीन आठवड्यांनी दादा वहिनीला घेऊन फिरायला गेला होता. डोंगररस्त्यावर खडीच्या खाणीजवळचं वळण. गाडी कठडा तोडून खालच्या झाडांत गेली. दादाचा डावा पाय तेव्हापासून आखूड. वहिनीचा उजवा कोपर त्या दिवसापासून सरळ झाला नाही. ती वेणीसुद्धा डाव्या हातानं घालायला शिकली. गाडी बाबांनी सहा वर्षं खपून पुन्हा उभी केली. दादानं मात्र परत कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. पियानोचे सूर लावायला तो गावभर बसनं हिंडे, अवजारांची पिशवी खांद्याला.

"ते चार," धाकटी म्हणाली, "आणि हे चार..."

"एकाच गठ्ठ्यातले."

"म्हणजे तेव्हाच ते अकरा वर्षांचे होते."

काकांनी मान हलवली. "बसवताना मला नक्षीच्या मुळाशी केसासारख्या चिरा दिसल्या होत्या. अण्णांना म्हटलं, जरा जुना माल वाटतो. ते म्हणाले, न वापरलेली वस्तू जुनी कशी होईल? मी बसवले." ते थांबले. "अपघातानंतर गाडी ओढून इथेच आणली होती. मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टा सालपटासारखा निघाला होता. पूर्ण. तशा टायरवर साक्षात देवानं चालवली असती तरी गाडी गेलीच असती. मी तो टायर कुणी यायच्या आत काढला आणि तोडून टाकला."

"आणि दादा?"

"सांगणारच होतो गं. आधी म्हटलं, पाय बरा होऊ दे. मग वहिनींचं, तुझ्या आईचं, हृदयाचं निघालं. म्हटलं, त्या निभावू देत. मग वर्ष झालं. वर्ष झाल्यावर माणूस कुठल्या तोंडानं सांगतो?"

आता धाकटीला काकांचा तो सोस आठवला, ज्यावर सगळं घर हसायचं. कुणाच्याही घरी गेले की काका आधी दारातल्या गाडीपाशी वाकणार, मग माणसांना भेटणार. दर पाच वर्षांनी प्रत्येक नातेवाइकाचे टायर न सांगता बदलून देणार. वेड नव्हतं ते. काका प्रायश्चित्त घेत होते, आणि सगळे त्यांना हसत होते.

"ऐक," काकांनी तिचं मनगट धरलं. "आत कोठारात नवे रेडियल आणून ठेवलेत. याच मापाचे, दिसायला जुन्यासारखे, पण या वर्षीचे. महिना झाला आणून. हे चार मी आता मशीनवर चढवतो आणि काठ फाडतो. अण्णांना सांगतो, बसवताना फाटले. पोरीला चांगले टायर मिळतील. म्हाताऱ्या माणसाला धक्का नाही. झालं काम. तू फक्त बोलू नकोस."

धाकटीला ते पटलं. हे तिनं पुढे कधी नाकारलं नाही. त्या क्षणी तिला ते पटलं, कारण त्यात सगळे बचावत होते. ती "बरं" म्हणणार तोच शटरखालून वाकून वहिनी आत आली. मागोमाग, एक हात शटरला धरत, दादा.

"मला सांगितलंसुद्धा नाहीस!" वहिनी थेट लेकीवर गेली. "ड्यूटी आहे म्हणून बाहेर पडलीस. शेजारीण म्हणाली, ती तर आजोबांबरोबर गेली."

"आई, तू नाहीच म्हणाली असतीस."

"अजूनही नाहीच म्हणतेय. बाबा, तुम्ही तरी विचार करायचा. या गाडीनं आमच्या घरातली दोन माणसं मोडली. तिसरं देणार नाही मी."

"गाडीनं कुणाला मोडलं नाही," बाबा म्हणाले. किल्ली त्यांच्या हातात होती. आवाज चढलेला नव्हता, आणि धाकटीला तोच आवाज जास्त भयंकर वाटला. "गाडी निर्जीव असते, सूनबाई. पोरीचा हात तिच्या बापासारखा नाही. वळणावर पाय कधी उचलायचा ते तिला कळतं."

भिंगरी आजोबांच्या शेजारी उभी होती, ती नकळत एक पाऊल बाजूला झाली. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

दादा खालच्या फरशीकडे बघत म्हणाला, "खरं आहे. तिला कळतं."

त्यानं ते इतक्या सहज म्हटलं! बावीस वर्षं घासून घासून वाक्य कसं गुळगुळीत झालेलं. त्यात राग नव्हता, कुरकुर नव्हती. एखाद्यानं आपलं नाव सांगावं तसं. धाकटीच्या डोळ्यांपुढे मुद्रितातली एक ओळ उभी राहिली, बावीस आवृत्त्यांत चुकीची छापली गेलेली. आणि पेन आता तिच्या हातात होतं.

"नाही," ती म्हणाली. "दादा, तुझी चूक नव्हती. टायर होता."

"धाकटे!" काका म्हणाले.

"बाबा, हे टायर तेहतीस वर्षांचे आहेत. इथे छापलंय. तेव्हाचे चारही यातलेच होते. मागचा डावा टायर वळणावर सोलून निघाला. काकांनी पाहिलाय."

बाबांनी भावाकडे पाहिलं. काकांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर? धाकटीकडे पुरावा काय होता, तीन आकडे. पण काकांनी रुमाल काढून मान पुसली, आणि एकदम वीस वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे स्टुलावर बसले.

"खरं आहे, अण्णा."

"काय खरं आहे? न वापरलेली वस्तू जुनी कशी होईल?" बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं तेलकागदात ठेवलेली स्प्रिंग मी घड्याळात बसवलीय. पहिल्या दिवसासारखी चालते."

"स्प्रिंग पोलादाची असते. रबर नुसतं पडून पडून मरतं. तुम्ही कितीही जपा." काका उठले. समोरचा टायर त्यांनी गुडघ्याखाली धरला, दोन्ही हातांनी नक्षी उलट्या बाजूला वाकवली आणि खिडकीकडे वळवली. "या. बघा."

बाबांनी खिशातलं भिंग काढलं. निवृत्त झाल्यावरही ते खिशात असायचं. डोळ्याला लावलं, वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. वर्कशॉपमध्ये फक्त हवेच्या यंत्राची गुरगुर होती. धाकटी जवळच होती, तिला भिंगाशिवायही दिसत होतं. प्रत्येक खाचेच्या तळाशी चीर होती, आणि काकांनी आणखी जोर लावला तशी एक चीर तोंडासारखी उघडली. आत वाळलेले धागे दिसले.

पहिला आवाज वहिनीचा आला. तो बाबांवर नव्हता. "काका, तुम्ही दर पाच वर्षांनी आमच्या दारात येऊन टायर बदलत होतात. चहा पीत होतात माझ्या हातचा. या हातचा." तिनं न वळणारा कोपर पुढे केला. "आणि हे रोज म्हणायचे, माझ्यामुळे तुझा हात गेला. रोज म्हणजे रोज. तुमच्यासमोरसुद्धा म्हणालेत. तुम्ही मूग गिळून बसलात!"

"हो."

"नुसतं हो काय!"

"दुसरं काय म्हणू, पोरी? मारलंस तरी चालेल."

वहिनी मारायला नाही, पण पुढे झाली. भिंगरीनं आईला धरलं, आणि आश्चर्य म्हणजे आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. आत्ता एकमेकींशी भांडत असलेल्या मायलेकी. काका एकटे पडले होते. सकाळी बाबांच्या बाजूचे, आता कुणाच्याच नाही.

बाबांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं. मग दादाकडे वळले. "वेग किती होता तुझा?"

दादानं मान वर केली.

"त्या वळणावर. किती होता?"

"चाळीस," दादा म्हणाला. "बेचाळीस असेल."

"मी पोलिसांना ऐंशी सांगितला होता."

"माहीत आहे. मी ऐकलं होतं. दवाखान्यात, दाराबाहेर स्ट्रेचरवर होतो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणजे असेल, असं वाटलं," दादा म्हणाला. "गाडीतलं तुम्हाला जास्त कळायचं. वर्षभरानं मलाही काटा ऐंशीवरच दिसायला लागला. आत्ता विचारलंत तेव्हा चाळीस तोंडातून कसं आलं, मलाच कळेना."

बाबा शटरखालून बाहेर गेले. धाकटी मागे धावली. ते रस्त्याच्या कडेला उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत. छातीत दुखतंय का, घाम आलाय का, बसता का, तिनं एका दमात सगळं विचारलं.

"दुखत नाही कुठे," ते म्हणाले. "दुखायला हवं होतं. तू आत जा. त्यांचं टायरचं ठरव."

धाकटी आत आली. मग भिंगरीनं ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, "मी गाडी चालवणार की नाही, ते नंतर भांडू. पण ठोकळ्यांवर ती अशीच ठेवणार का? काका-आजोबा, काय काय पर्याय आहेत ते सांगा."

काका वहिनीकडे बघत राहिले. तिनं डोळे पुसले. "मला काय विचारता? यांना विचारा. गाडी हातातून कशी सुटते ते यांना माहीत."

असं टायर निवडायचं काम बावीस वर्षांनी दादाकडे आलं. तो लंगडत गाडीपाशी गेला, पण तिला हात लावला नाही. काकांनी कोठारातून अरुंद रेडियल आणला आणि भिंतीवरचा एक रुंद टायर उतरवून शेजारी ठेवला.

"यातला पकडीला चांगला कुठला?" दादानं विचारलं.

"रुंद. निर्विवाद."

"पकड सुटते कशी?"

काकांना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "रुंद शेवटपर्यंत धरून ठेवतो. काही कळू देत नाही. आणि सुटला की एकदम. हा अरुंद, उंच बाजूचा, याची पकड कमी. पण आधी जरा सरकतो, स्टिअरिंगमधून हाताला कळवतो, कुईं करतो. सांगतो, बाबा रे, आता पुरे."

दादानं ते दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून पाहिले.

"सांगणारे बसवा," तो म्हणाला.

काकांच्या ते वर्मी लागलं असणार. त्यांनी बाह्या सरसावल्या. ट्यूबा घातल्या, काठ साबणानं ओले केले, चारही चाकं यंत्रावर फिरवून तोलली. हवा भरताना त्यांनी मापक तीन-तीनदा लावला. ते जुने चार मात्र त्यांनी आधी सुरीनं आडवे कापले, कुणी सांगण्याची वाट न बघता. धाकटीला प्रत्येक कापाबरोबर बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. एवढं सगळं बाहेर काढून आपण काय मिळवलं? बाबा बाहेर, काका एकटे, वहिनीचे डोळे सुजलेले. खोटं सगळ्यांना एकत्र ठेवत होतं. खरं कुणाकुणाला ठेवेल?

"नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो," काका भिंगरीला सांगत होते. "पहिले शंभर-दोनशे किलोमीटर शांतपणे चालवायचं. मध्ये थांबून हात लावायचा. चारही सारखेच गरम हवेत. एखादाच जास्त तापला तर परत फिरायचं."

"मी जाते आत्ताच. आत्या, तू मागून येशील?"

"मी तुझ्याबरोबर येतो," दादा म्हणाला.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. पण वहिनीनं त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून स्वतःकडे घेतली. "डोंगररस्त्यानंच जाणार ना तुम्ही?" ती म्हणाली. "मी नाही येत. मी इथे बसते. मला काकांशी बोलायचंय." आणि तिनं स्टूल ओढून घेतलं.

दुपारच्या उन्हात नाकतोडा पुढे निघाला आणि धाकटी आपल्या गाडीतून मागे. शेजारी बाबा. ती नुसतं "चला" म्हणाली होती आणि ते येऊन बसले होते. शहर संपलं, चढ लागला. पुढे दोन डोकी दिसत होती, एक ताठ, एक जरा झुकलेलं. धाकटीनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. प्रत्येक वळणाला तिला वाटे, आत्ता मागचं डावं चाक सालपटासारखं उलगडणार. नवं आहे, या वर्षीचं आहे, ती स्वतःला बजावत होती; आकडे तिनं स्वतः वाचले होते, चारही. तरी भीती आकडे वाचत नाही.

"तिचा वेग किती असेल?" बाबांनी विचारलं.

"माझा काटा अडतीसवर आहे. तेवढाच तिचा."

"हं." पुढच्या वळणानंतर ते म्हणाले, "अडतीसला सगळं दिसतं की. झाडंबिडं. माणूस दिसतो."

खडीच्या खाणीचं वळण आलं. नवा कठडा होता, तोही आता गंजलेला. नाकतोड्याचा मागचा दिवा लागला, गाडी मंदावली, आणि वळणाच्या अलीकडे कडेला थांबली. तिनं मागे गाडी उभी केली आणि दार उघडते तोवर बाबा खाली उतरलेसुद्धा.

दादा उतरला होता. गाडीला काही झालं नव्हतं. "थांबायचं सांगितलं होतं काकांनी मध्येच," तो म्हणाला. "म्हटलं, इथेच थांबू."

बाबा गाडीपाशी गेले. एका हातानं मडगार्ड धरून, कण्हत, ते पुढच्या चाकापाशी वाकले. तळहात रबरावर ठेवला. मग दुसरं चाक. मग मागचं उजवं. कुणी मदतीला पुढे झालं नाही. भिंगरी स्टिअरिंगमागेच बसून होती. मागच्या डाव्या चाकाशी ते गुडघ्यावरच बसले आणि हात तिथेच राहू दिला.

"सारखेच गरम आहेत," ते म्हणाले. आणि वर न बघता, "माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं."

धाकटी दादाच्या तोंडाकडे बघत होती. तिला ठाऊक होतं तो काय म्हणणार. जाऊ दे बाबा. झालं गेलं. वय झालंय तुमचं. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता.

"हो, बाबा," दादा म्हणाला. "विचारायला हवं होतं."

खाली झाडांत वारा होता. बाबांनी मान हलवली, दोनदा, पावती दिल्यासारखी. मग त्यांना उठता येईना. दादानं काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि नाकतोड्याचं बुटकं दार उघडून, आधी कंबर, मग एक पाय, मग दुसरा असं करत, स्वतःच्या जागेवर बसवलं.

"सावकाश ने गं," तो लेकीला म्हणाला आणि लंगडत धाकटीच्या गाडीकडे आला. शेजारी बसला. पट्टा लावला.

"बरा आहेस?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," दादा म्हणाला. "चल. त्यांच्या मागे राहा, पण अंतर ठेव."